भविष्यकाळाचा तक्ता फळ्यावरून उतरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जून लागला, शाळा उघडल्या. पहिल्या चाचणीच्या आत इंग्रजीच्या तासाला फळ्यावर ठरलेला तक्ता येईल. वर्तमान, भूत, भविष्य असे तीन रकाने. भविष्याच्या रकान्यात ‘आय’ आणि ‘वी’च्या पुढे ‘शॅल’, बाकी सगळ्यांच्या पुढे ‘विल’. मुलं तो वहीत उतरवून घेतात, पाठ करतात, पेपरात बरोबर लिहितात, आणि उद्याबद्दल इंग्रजीत एक साधं वाक्य बोलायची वेळ आली की गप्प बसतात.

मी परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या हायस्कूलवर इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. अजूनही संध्याकाळी नववी-दहावीची मुलं आणि नर्सिंगला जाऊ इच्छिणाऱ्या मुली ओसरीवर येऊन बसतात. त्यांच्या वह्या रोज डोळ्यांखालून जातात, म्हणून ठामपणे लिहिते. हा तक्ता मुलांना उद्याबद्दल बोलायला शिकवत नाही. तो फळ्यावरून उतरवावा आणि त्या जागी मुलांच्या घरची मराठी घ्यावी, एवढ्यासाठी हे पत्र.

मराठीत ‘करीन’ म्हटलं की क्रियापदाच्या अंगातच भविष्य येतं. इंग्रजी क्रियापदाला असा प्रत्यय नाही. ‘प्ले’चं ‘प्लेड’ होतं, तिथे भूतकाळ दिसतो. उद्यासाठी मात्र क्रियापद जसंच्या तसं राहतं आणि बाहेरून काही तरी मदतीला बोलवावं लागतं. इंग्रजीला भविष्यकाळाचं स्वतःचं असं रूपच नाही, असं डेन्मार्कचे भाषापंडित ओटो येस्पर्सन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडलं, आणि आजचे अनेक व्याकरणकार तेच म्हणतात. मदतीला येणारे शब्दही मुळात काळाचे नव्हेत. ‘विल’चा जुना अर्थ इच्छा असणं, ‘शॅल’चा जुना अर्थ देणं लागणं, बांधील असणं. पुढे ते उद्याच्या कामाला लागले.

मग ‘आय शॅल, ही विल’ हा नियम आला कुठून? १६५३ साली जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने लॅटिन भाषेत इंग्रजीचं एक व्याकरण लिहिलं, त्यात तो आला. (अनंताचं आडव्या आठासारखं चिन्ह गणितात आणणारे हेच वॉलिस.) तेव्हापासून तो पाठ्यपुस्तकांतून पुढे चालत आला. आज इंग्लंडातही माणसं ‘आय विल’ म्हणतात, किंवा आखडून ‘आय’ल’. ‘शॅल’ उरला तो मुख्यतः कायद्याच्या मसुद्यात आणि विचारणा करताना: ‘शॅल आय ब्रिंग सम वॉटर?’ आपल्या पोरी हे रोज बोलतात, ‘पाणी आणू का?’ ‘शॅल वी गो?’ म्हणजे ‘निघायचं का?’ हे दोन प्रश्न शिकवले की सहावी-सातवीच्या मुलाला ‘शॅल’ पुरेसा आला. बाकीचा नियम पाठ करायला लावणं म्हणजे त्या लेकरांचा वेळ घालवणं आहे.

आता पेरणीच्या तोंडावर आपल्याकडच्या कुठल्याही घरात संध्याकाळी काय बोलतात, ते ऐका. बाप म्हणतो, ‘औंदा सोयाबीनच पेरणार हाय.’ थोरला म्हणतो, ‘उद्या परभणीला जायलोय, बियाणं आणायला.’ ‘गाडी कितीला हाय?’ ‘आठला सुटते.’ आजी दारातून पश्चिमेला बघते: ‘आभाळ बघा कसं भरलंय. येणार आता पाऊस.’ कुणी तरी म्हणतं, ‘यंदा भाव बरा राहील, वाटतंय.’ आणि आई उठते: ‘बसा, चहा मी टाकते.’

हे सगळं उद्याबद्दलचं किंवा पुढच्या घटकेबद्दलचं बोलणं आहे, आणि यातलं एकही वाक्य दुसऱ्यासारखं नाही. बापाचं आधीच ठरलेलं आहे. थोरल्याचं नुसतं ठरलेलं नाही, दुकानदाराशी बोलणं झालंय, पैसे खिशात आहेत, म्हणून तो ‘जाईन’ म्हणत नाही, ‘जायलोय’ म्हणतो. गाडीचं वेळापत्रक कुणाच्या मर्जीवर नाही, ती ‘सुटते’. आजी डोळ्यांनी ढग बघून बोलते. भावाबद्दल बोलणाऱ्याकडे पुरावा नाही, फक्त अंदाज आहे, म्हणून त्याने ‘वाटतंय’ जोडलं. आईने त्याच क्षणी ठरवलं.

इंग्रजी नेमकं हेच विचारते: उद्याबद्दल तू जे म्हणतोस, ते कशाच्या जोरावर? आधी ठरवलं असेल तर ‘वी आर गोइंग टु ग्रो सोयाबीन’. सगळी जुळवाजुळव झाली असेल तर ‘आय ॲम गोइंग टु परभणी टुमारो’, अगदी ‘जायलोय’सारखं, चालू वर्तमानकाळात. वेळापत्रक असेल तर ‘द बस लीव्ज ॲट एट’, साधा वर्तमानकाळ. समोर खूण दिसत असेल तर ‘इट इज गोइंग टु रेन’. मनाचा अंदाज असेल तर ‘आय थिंक द प्राइस विल बी गुड’. आणि जागेवर घेतलेला निर्णय असेल तर ‘आय विल मेक द टी’. एका घरात, एका संध्याकाळी, सगळा धडा होऊन जातो. तक्त्यातल्या मुलाला मात्र या सहाही ठिकाणी ‘विल’ नाही तर ‘शॅल’च लिहिता येतं. तो चुकतो असं नाही, बऱ्याचदा व्याकरणाने ते चालूनही जातं, पण त्याच्या मनात जे होतं ते वाक्यात उतरत नाही.

आमच्या वर्गात मोहल्ल्यातली मुलंही असायची. त्यांच्या घरी ‘बारिश आनेवाली है’ आणि ‘बारिश आएगी’ हा भेद तसाच जिवंत. माझे वडील निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकले, तेही असंच बोलायचे. म्हणजे मराठवाड्यातल्या वर्गात बसलेलं मूल कुठल्याही घरचं असो, ‘गोइंग टु’ समजायला लागणारी जाण ते घरून घेऊनच येतं. राज्यात मराठी शाळांतून २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. इतकी वर्षं आपण या जाणिवेला हात न लावता वरून तक्ता चिकटवत राहिलो, याचं मला वाईट वाटतं.

आमच्या ओसरीवरची एक गोष्ट सांगते. मुलांना विचारलं, तुमच्या शेतात येत्या महिन्यात काय होईल ते इंग्रजीत लिहा. एका मुलीने लिहिलं, ‘आवर वेल इज गोइंग टु ड्राय अप’. बाकी सगळ्यांनी ‘विल’ लिहिलं होतं. मी तिला विचारलं, तूच ‘गोइंग टु’ का लिहिलंस? ती म्हणाली, ‘बाई, तळ दिसायलाय.’ कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकात ‘गोइंग टु’चं याहून चांगलं कारण मला सापडणार नाही. तिला नियम सांगितलाच नव्हता; आजीचं ढगाचं वाक्य तेवढं सांगितलं होतं.

मराठी सगळीकडे जशीच्या तशी चालत नाही, हेही लिहिलं पाहिजे. जिथे ती पाय अडकवते ती ठिकाणं मोजकी आहेत, पण शिक्षकाने ती ओळखून ठेवायला हवीत. पहिलं आईच्या चहाचं. आपण ‘चहा मी टाकते’ असं वर्तमानकाळात म्हणतो, म्हणून मुलगी म्हणते, ‘आय मेक टी’. ऐकणाऱ्या इंग्रजी माणसाला ते ‘रोज चहा मीच करते’ असं ऐकू जातं. जागच्या जागी पुढे होऊन काम अंगावर घेतलं की इंग्रजीला ‘विल’ लागतोच, आणि ‘विल’चं खरं घर तेच आहे: ‘आय विल हेल्प यू’, ‘आय विल कॅरी इट’. दुसरं ‘आलोच’. हाक मारली की आपण घरातूनच म्हणतो, ‘आलो आलो!’ पाय अजून उंबऱ्याच्या आत असतो आणि भाषेत आपण पोहोचलेले असतो. मूल भाषांतर करतं, ‘आय केम’. तिथे ‘आय ॲम कमिंग’ हवं. या दोन गोष्टी मुलांकडून तोंडी घोटून घेतल्या की पुन्हा सांगाव्या लागत नाहीत.

तिसरं ‘गोइंग टु’चं. मुलाला वाटतं, यात ‘गो’ आहे म्हणजे कुठे तरी जायचंच आहे. ‘गोइंग टु’च्या पुढे गावाचं नाव आलं तर जाणं, पुढे क्रियापद आलं तर बेत, इतकं सांगितलं की भागतं.

आणि ‘इफ’. दरवर्षी वह्यांत लाल शाई सगळ्यात जास्त इथे सांडते: ‘इफ इट विल रेन, वी विल सो’. शिक्षक नियम सांगतात, ‘इफ’नंतर ‘विल’ नको. मुलं मान डोलावतात आणि पुन्हा तेच लिहितात, कारण नियमाला कारण दिसत नाही. त्यांना एकदा विचारा, तुम्ही घरी काय म्हणता? ‘पाऊस पडेल तर पेरू’ असं कुणी म्हणतं का? कुणी म्हणत नाही. ‘पाऊस पडला तर पेरू’ म्हणतात. ‘पाऊस पडला की पेरू’ म्हणतात. अटीच्या भागात मराठीही भविष्य घेत नाही, उलट भूतकाळाचं रूप घेते. इंग्रजी तिथे वर्तमानकाळ घेते: ‘इफ इट रेन्स’, ‘व्हेन इट रेन्स’. दोन्ही भाषांत भविष्य बसतं ते फक्त परिणामाच्या बाजूला, ‘पेरू’ आणि ‘वी विल सो’ इथे. हे दाखवल्या दिवसापासून आमच्याकडे ‘इफ’वरची लाल शाई फार कमी झाली.

‘वोन्ट’बद्दलही लिहिते, कारण ते तक्त्यात कुठेच नसतं. ‘द मोटर वोन्ट स्टार्ट’ हे भविष्य नव्हे. ‘मोटर चालूच होईना’ हे ते आहे. ‘पोरगं ऐकेना’, ‘दार उघडेना’, ‘बैल उठेना’. यंत्राला जणू इच्छाच नाही, असं इंग्रजी म्हणते, आणि ‘विल’चा तो जुना इच्छेचा अर्थ इथे अजून शाबूत आहे. शेतकऱ्याच्या मुलाला हे एका मिनिटात कळतं. मोटर न चालण्याचा अनुभव त्याला रोजचा.

पूर्ण भविष्य, चालू भविष्य वगैरे रूपं दहावीनंतर शिकली तरी चालतील. त्यांच्यावर आठवीत तास खर्च करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘बोलता काय कुणाला येतंय, मार्क तर विल-शॅलला मिळतात,’ असं काही शिक्षक मित्र म्हणतात. त्यांना मी चाकणच्या कारखान्यात लागलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगते. बहिणीच्या लग्नासाठी त्याने साहेबाला ईमेल पाठवला: ‘आय विल गो टु माय व्हिलेज ऑन फ्रायडे’. त्याला रजेची विनंती करायची होती. साहेबाला वाटलं, हा आपला निर्णय कळवतोय. व्याकरणात त्या वाक्यात काही चूक नाही. पण ‘आय ॲम प्लॅनिंग टु गो’ लिहून पुढे ‘मे आय टेक लीव्ह’ असं विचारलं असतं, तर ती विनंती झाली असती. मराठीत तो असं कधीच बोलला नसता. ‘शुक्रवारी गावाकडं जावं म्हणतोय, जाऊ का?’ असंच म्हणाला असता. इच्छा, बेत, परवानगी यांतला फरक त्याला चांगला कळतो. इंग्रजीत तो फरक कुठल्या शब्दांत करायचा, हे त्याला कुणी शिकवलं नाही. त्याचा भुर्दंड आपल्या गावांतून पुण्या-मुंबईला जाणाऱ्या मुलांना सोसावा लागतो.

आता जे लिहिते ते संपादक म्हणून आपल्यासाठी आहे. उद्याबद्दलचं बोलणं कशाच्या जोरावर आहे, हा प्रश्न वर्गापुरता नाही. मे-जूनमध्ये दैनिकांत मथळे येतात, ‘मराठवाड्यात उद्यापासून मुसळधार पाऊस’. हवामान खात्याचं इंग्रजी पत्रक मी मुलांबरोबर वाचते, वाचनाचा धडा म्हणून. त्यात ‘विल’ जवळपास सापडतच नाही. तिथे ‘लाइकली’, ‘व्हेरी लाइकली’ असे शब्द असतात, आणि त्यांचं माप ठरलेलं असतं. ‘लाइकली’ म्हणजे २५ ते ५० टक्के शक्यता, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ५० ते ७५ टक्के, ‘मोस्ट लाइकली’ म्हणजे ७५ टक्क्यांच्या वर. जागेचंही माप आहे. ‘आयसोलेटेड’, ज्याला मराठीत तुरळक ठिकाणी म्हणतात, ते त्या विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या फार तर पाव भाग केंद्रांवर. म्हणजे ‘आयसोलेटेड’ आणि ‘लाइकली’ हे दोन शब्द एकत्र आले, तर आपल्या गावात थेंबही न पडणं त्या अंदाजाच्या आतच बसतं. मथळ्यात त्याचा ‘पाऊस पडणार’ होतो.

हे माप पहिल्यांदा समजलं तेव्हा मुलं हादरली. त्यांच्या घरी ‘पडणार’ वाचून पेरणी झालेली आहे. चांगला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं, पण मथळा मोठ्या अक्षरात असतो आणि सल्ला आतल्या पानात. बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं एकदा मातीत गेलं आणि पावसाने ताण दिला की दुबार पेरणीला पुन्हा सावकाराचं दार. १९७२चा दुष्काळ पाहिलेली माणसं आमच्या गल्लीत आहेत. २०१६ला लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं ते या मुलांच्या आईबापांनी पाहिलं. पावसाबद्दलचा प्रत्येक शब्द इथे पैशाचा आणि कधी कधी जिवाचा असतो.

एप्रिलच्या मान्सून अंदाजाचंही असंच. देशाच्या जून ते सप्टेंबरच्या सरासरीच्या, म्हणजे १९७१ ते २०२०च्या हिशेबाने ८७ सेंटिमीटरच्या, किती टक्के पाऊस होईल हे त्यात सांगितलेलं असतं. ९६ ते १०४ टक्के असेल तर तो सामान्य. हा आकडा सगळ्या देशाचा, चार महिन्यांचा मिळून. तो सेलूचा किंवा पालमचा नव्हे, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्याचाही नव्हे. दहावीच्या मुलीने तो उतारा इंग्रजीतून नीट वाचला तर ती घरी जाऊन बापाला हे सांगू शकते. आमच्याकडच्या एकीने सांगितलं, आणि बापाने पेरणी आठ-दहा दिवस लांबवली. भाषेचा तास याहून जास्त काय देणार?

म्हणून माझं मागणं असं आहे. पाठ्यपुस्तकं तयार करणाऱ्यांनी भविष्यकाळाचा धडा मराठी वाक्यांपासून सुरू करावा. पेरणार आहे, जायलोय, सुटते, येणार, वाटतंय, मी टाकते, पडला तर, चालूच होईना, ही वाक्यं धड्यात यावीत, आणि प्रत्येकाच्या शेजारी त्याची इंग्रजी. शिक्षकांच्या प्रशिक्षणात यावर एखादी दुपार द्यावी. ‘आय शॅल’चा नियम पाठ न करणाऱ्या मुलाचे गुण कापू नयेत. आणि आपल्या दैनिकाने जून ते सप्टेंबर रोज पावसाच्या बातमीखाली दोन ओळींची चौकट छापावी: आजच्या अंदाजात ‘लाइकली’ आहे की ‘व्हेरी लाइकली’, तुरळक ठिकाणी की सर्वदूर, आणि त्याचे टक्के किती. जागा थोडी लागेल. आमच्या ओसरीवरची मुलं त्या चौकटीचं भाषांतर रोज करून द्यायला तयार आहेत.

कुणा शिक्षक-शिक्षिकेला या वाक्यांची माझी वही हवी असेल, तर माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे. झेरॉक्सचे पैसे पाठवू नयेत, मी प्रत पाठवीन.

कळावे,
आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका
जि. परभणी